जुन्या ४x४ चा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) बदलायच्या आधी हे बघा

पी०४२० कोड (कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा एरर कोड) आला की लगेच कॅट गेला असं धरू नका, आधी एक्झॉस्ट कुठे लीक आहे का ते बघा, कारण ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीक भोक असलं तरी बाहेरची हवा आत खेचली जाते आणि रीडिंग चुकतं.

मग इंजिन नीट गरम करून स्कॅनर लावा. नेहमीचा नॅरोबँड सेन्सर असेल तर पुढचा (कॅटच्या आधीचा) ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवा, मागचा (कॅटनंतरचा) बऱ्यापैकी स्थिर. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅटवर संशय घ्या.

ऑफरोड गाड्यांचं वेगळं दुखणं म्हणजे दगडाचा मार आणि तापलेला कॅट थेट पाण्यात जाणं, त्याने आतली सिरॅमिक जाळी तडकते. गार झाल्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका, खडखड वाजलं तर जाळी फुटलीय.

सेन्सर गंजून बसला असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल मारा, थांबा, मग २२ एमएमचा सेन्सर सॉकेट लावा, घाई केली तर आटे जातात. आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) असेल तर तो आधी काढा प्लीज, नाहीतर न जळलेलं पेट्रोल नवा कॅटपण वितळवेल.