वाटीचे ग्रॅम, ग्रॅमची वाटी

उकडीला पीठ आणि पाणी सारखंच घ्यायचं, हे गणित वाटीचं आहे, वजनाचं नव्हे. वेंगुर्ल्यात मी मोदकांच्या ऑर्डरी घेते. चतुर्थी जवळ आली की मुंबईहून भाच्यांचे फोन सुरू होतात: "मामी, काट्यावर पाव किलो पीठ घेतलं, पाव किलो पाणी घातलं, तरी उकड भेगाळतेय." भेगाळणारच! पाव किलो तांदळाचं पीठ माझ्या दोन वाट्या भरतं. म्हणजे पाणीही दोन वाट्या हवं, 400 मिली.

आधी आपली वाटी ओळखा. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिली. माझी वाटी 200 ची आहे. बाजारात मिळणारा मापाचा कप बहुधा 240 चा असतो, त्यामुळे कपातली पाककृती माझ्या वाटीत आणताना 1.2 ने गुणते.

मग त्याच वाटीत एकेक जिन्नस भरून वजन घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा. माझ्या कागदावर आहे: तांदूळ 165 ग्रॅम, तांदळाचं पीठ 125, रवा 140, साखर 170, तेल 184. पीठ चाळून, अलगद भरून, वर सुरीने सपाट केलेलं. तीच वाटी ओट्यावर आपटून भरलीत तर सहज 150 पर्यंत जाते, म्हणून भरायची रीतही कागदावर लिहा.

खरी गंमत सारणात. आमच्याकडे दोन वाट्या चवाला, म्हणजे खवलेल्या ओल्या नारळाला, एक वाटी गूळ. खवणीवरून उतरलेला मोकळा चव वाटीत 75 ग्रॅमच बसतो, चिरून दाबलेला गूळ मात्र 160. म्हणजे वाटीने निम्मा दिसणारा गूळ वजनाला चवाच्या बरोबरीचा, किंचित जास्तच. अर्धा किलो चवाला पाव किलो गूळ घालणाऱ्यांचे मोदक अगोड का होतात ते कळलं ना? चव दाबून भरलात तर हाही हिशेब बदलतो. मी दाबत नाही.

आजीच्या वहीत 'शेरभर तांदूळ' असेल तर जपून. वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. मापाचा शेर वेगळा, भरून मोजायचा; चार शेरांची पायली, हे धान्याचं जुनं माप, होते तो. शिवाय पायली गावोगाव सारखी नसते, आणि पायलीभर भात, म्हणजे न सडलेलं धान, पायलीभर तांदळापेक्षा हलका भरतो, कारण त्यात तूस असतं. घरात जुनं माप असेल तर तेच भरून काट्यावर ठेवा.

मोठा चमचा 15 मिली, लहान 5. मीठ वजनावर नेणार असाल तर जाडं आणि बारीक वेगवेगळं मोजा, जाडं चमच्यात कमी मावतं. वेलची-जायफळासाठी काटा काढूच नका. स्वयंपाकघरातला साधा काटा दोन-तीन ग्रॅमवर भरवशाचा नसतो, तिथे चमचाच बरा.