मोठा डेटा दुसऱ्याच्या हाती देताना

तुम्हाला एकही फोन न करता दुसऱ्याला तुमचा डेटा वापरता आला पाहिजे. २०१६ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘फेअर’ तत्त्वांचा रोखही तिकडेच आहे: डेटा सापडावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा.

सुरुवात कच्च्या डेटापासून करा. तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ‘रीड-ओन्ली’, म्हणजे फक्त वाचता येईल असा, करून टाका. साफसफाई करायची ती प्रतीवर, आणि शक्यतो स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून. हाताने बदललेला आकडा पुढे कुणालाच शोधता येत नाही. फाइलच्या नावात तारीख २०२४-०३-०७ अशी, वर्ष आधी घालून लिहा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

आता सगळ्यात जास्त वेळ द्या तो रीडमी फाइलला, म्हणजे डेटासोबतच्या माहितीपत्रकाला. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि नोंद नसेल तिथे काय लिहिलंय, हे सगळं त्यात हवंच. समजा, तापमानाच्या शंभर नोंदींपैकी ९५ नोंदी २५ अंशांच्या आहेत आणि उरलेल्या पाच ठिकाणी ‘नोंद नाही’ म्हणून -९९ भरलंय. हे माहीत नसलेला माणूस सरासरी काढतो आणि त्याला १८.८ मिळतात. संगणक काही कुरकुर करत नाही, म्हणून ही चूक फार घातक. रीडमीचं काम डेटा गोळा करतानाच करा. सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही.

एक्सेलवर विसंबू नका. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपलीकडे जागा नाही. शिवाय ‘सेप्ट२’सारख्या जनुकांच्या नावांच्या ते परस्पर तारखा करायचं, शेवटी जनुकांचीच नावं बदलावी लागली! त्यापेक्षा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल बरी; ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी चालणाऱ्या पद्धतीत, साठवा.

डेटा माणसांचा असेल तर नुसती नावं काढून भागत नाही. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एकत्र आले की माणूस ओळखता येऊ शकतो. जन्मतारखेऐवजी वयोगट द्या. तरीही धोका वाटला तर डेटा खुला करू नका, मागेल त्याला अटींवर द्या.

मग झेनोडोसारख्या ऑनलाइन डेटा-भांडारात ठेवून डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक, घ्या, म्हणजे लिंक तुटत नाही. परवाना स्पष्ट लिहा. परवानाच नसेल तर प्रामाणिक माणूस डेटाला हात लावायला कचरतो. सोबत एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ‘ठसा’, द्या, म्हणजे डाउनलोड अर्धवट झालं तर कळतं.

जाहीर करण्याआधी एका सहकाऱ्याला फक्त ते फोल्डर द्या आणि गप्प बसा. तो जे जे विचारेल, त्याचं उत्तर रीडमीमध्ये लिहा.