नामिबियात शिकारीला जाताय? या चुका टाळा

आफ्रिकेत गाईडसोबत पहिल्यांदा शिकारीला जाणाऱ्याचं जे बिनसतं, ते बहुतेक वेळा रानात बिनसत नाही. सराव चुकीचा झालेला असतो, करार धड वाचलेला नसतो, नाहीतर गोळी सुटल्यानंतरच्या दहा सेकंदांत घाई झालेली असते. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि शिकार बंद झाली, ती योग्यच. पण त्यामुळे हे विचारायला घरात कुणी जाणतं उरलेलं नाही. परदेशात राहणाऱ्या आणि कायदेशीररीत्या जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी इथे कुडू, ओरिक्स, स्प्रिंगबॉक, हार्टबीस्ट अशा हरणवर्गीय शिकारीपुरतं लिहितो आहोत. रानरेडा आणि बिबट्या हे पहिल्या खेपेचं काम नाही.

करार आणि कागद

आधी देश तपासा. केनियात शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे, तेव्हा 'केनियात शिकार' विकणाऱ्या एजंटला तिथेच नमस्कार करा. नामिबियात ट्रॉफी शिकारीचा (शिंगं-कातडं आठवण म्हणून ठेवण्यासाठीच्या शिकारीचा) हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असतो, आणि सोबत नोंदणीकृत व्यावसायिक असावाच लागतो. त्यातही प्रकार आहेत. साधा 'हंटिंग गाईड' फक्त ज्या फार्मवर त्याची नोंदणी आहे तिथेच शिकार करवू शकतो, तर 'प्रोफेशनल हंटर', म्हणजे पीएच, मालकाची परवानगी घेऊन इतरत्रही नेऊ शकतो. तीन वेगवेगळे फार्म दाखवणारा गाईड पहिल्या प्रकारातला निघाला, तर तुमची शिकार बेकायदेशीर ठरेल. नोंदणीचा प्रकार ईमेलवर लेखी मागवा. परमिट तुमच्या नावाचं आणि पहिली गोळी सुटण्याआधी हातात असलं पाहिजे. एका शिकाऱ्याला एका जातीचे जास्तीत जास्त दोनच प्राणी मिळतात.

पैशांचा घोळ होतो तो डेली रेट आणि ट्रॉफी फी यांत. डेली रेट म्हणजे राहणं, जेवण, पीएच, ट्रॅकर (माग काढणारा), गाडी. ट्रॉफी फी प्रत्येक प्राण्यामागे वेगळी. आणि इथेच नवखे फसतात: रक्त सांडलं की फी लागू, मग जनावर सापडो वा न सापडो. याखेरीज पुढच्या गोष्टी लेखी विचारा: विमानतळावरून ने-आण, व्हॅट धरलाय की वेगळा, रायफलचं भाडं आणि काडतुसांचा दर, न शिकार करणाऱ्या सोबत्याचा रोजचा दर, आणि एका पीएचमागे शिकारी एक की दोन. दोघांत एक पीएच स्वस्त पडतो खरा, पण एकाने माग काढायचा तर दुसऱ्याने मागे थांबायचं.

फार्म कुंपणबंद आहे की खुला, आणि कुंपण असेल तर आत किती हेक्टर, हेही विचारायला लाजू नका. आदल्या आठवड्यात ट्रकमधून आणून सोडलेलं जनावर मारण्यात शिकार कुठली?

स्वतःची रायफल, की तिथली?

पहिल्या खेपेला भाड्याची घ्या, हे आमचं स्पष्ट मत. स्वतःची न्यायची तर गाठीला परवाना, सिरियल नंबरची नोंद, विंडहोक विमानतळावर पोलिसांकडून मिळणारं तात्पुरतं आयात परमिट, आणि वाटेत विमान जिथे बदलतं त्या देशाचीही स्वतंत्र संमती असावी लागते. ही शेवटची गोष्टच लोक विसरतात, आणि बंदूक मधल्याच विमानतळावर अडकते. जोहान्सबर्गमार्गे जाताना सामान तिथे हातात घेऊन पुन्हा चेक-इन करणार असाल, तर दक्षिण आफ्रिकेचा एसएपीएस ५२० अर्जही लागतो. तो काळ्या शाईत भरायचा आणि सही मात्र तिथल्या पोलिसासमोरच करायची. काडतुसं विमानात दरमाणशी ५ किलोपर्यंत, कुलूपबंद आणि चेक-इन सामानातच. पिस्तूल आणि सेमी-ऑटोमॅटिक नामिबियात नेता येत नाही.

बोअर (काडतुसाचा आकार) निवडताना कायद्याचा आकडा पाहा. नामिबियात गोळीची नळीच्या तोंडाशी किमान ऊर्जा ठरलेली आहे: स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावरांना १३५० ज्यूल, कुडू-ओरिक्स-इलांडला २७००, आणि रानरेडा-हत्तीसाठी ५४००. पॉइंट २४३ विंचेस्टर मधल्या आकड्यावर बऱ्याचदा काठावर अडखळते. पॉइंट ३०-०६ किंवा पॉइंट ३०८ मध्ये १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) बाँडेड, म्हणजे शिसं आणि आवरण एकजीव असल्याने तुकडे न होणारी गोळी आरामात चालते. उलट चूकही तितकीच सर्रास होते: धाक वाटून भलीमोठी मॅग्नम घ्यायची आणि तिच्या धक्क्याला घाबरून ट्रिगर ओढताना डोळे मिटायचे.

सराव

रेंजवर टेबलाशी बसून, वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून, सावकाश नेम धरायचा. हा सराव फक्त स्कोप (रायफलवरची दुर्बीण) जुळवण्यापुरता उपयोगी. रानात तुम्ही उभे असाल, पुढे तीन पायांच्या काठ्या असतील, धाप लागलेली असेल आणि जनावर पाच-दहा सेकंदच थांबेल. म्हणून घरी तीन काठ्या वर बांधून स्टँड करा. शंभर मीटरवर २० सेंटिमीटरची कागदी थाळी लावा. पन्नास पावलं पळत या, काठ्यांवर रायफल टेकवा, दहा सेकंदांत एक गोळी. पाचपैकी पाच थाळीत लागेपर्यंत तिकीट काढू नका. बहुतेक गोळ्या ८० ते २०० मीटरच्या आतच मारल्या जातात. पॉइंट ३०-०६ शंभर मीटरवर साधारण ५ सेंटिमीटर वर जुळवलीत तर दोनशेपर्यंत वेगळा हिशोब करावा लागत नाही. तीनशेवर ती वीतभर किंवा जास्तच खाली पडते, म्हणून तीनशेवर मारूच नका.

गोळ्या सारख्या खाली-उजवीकडे जात असतील तर स्कोपला दोष देण्याआधी मित्राला रायफल भरायला सांगा. त्याने कधी खरं काडतूस घालायचं, कधी रिकामं, तुम्हाला न सांगता. रिकाम्यावर ट्रिगर ओढताना नळी खाली झुकली, की दुखणं तुमच्या खांद्यात आहे. गोळ्या चहूकडे पांगत असतील तर स्कोपच्या रिंगांचे आणि रायफलच्या दस्त्यातले स्क्रू तपासा. विमानप्रवासात ते हमखास ढिले होतात. फार्मवर पोहोचल्याच्या दुपारी दोन-तीन गोळ्या मारून खात्री करायची असते. दमलो म्हणून हे टाळणं फार महागात पडतं.

गोळी कुठे लागायला हवी

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणावर शिकलेला माणूस खांद्याच्या मागे नेम धरतो. आफ्रिकेतल्या या जनावरांचं हृदय आणि फुप्फुसं जास्त पुढे आणि खाली असतात. खांद्याच्या मागे वीतभर गेलेली गोळी सरळ पोटात जाते. जनावर पूर्ण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर या, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर. झेब्र्याला तर खांद्यावरच्या पट्ट्यांचा त्रिकोण ही खूणच असते. (झेब्रा पहाडी असेल तर तो साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतला आहे, निर्यातीचा वेगळा कागद लागेल.)

कळपात आणखी एक घोटाळा होतो. पीएच कुजबुजतो, "डावीकडून तिसरा." तेवढ्यात एक मादी दोन पावलं पुढे सरकते आणि तुमचा तिसरा त्याच्या मनातला तिसरा राहत नाही. ओरिक्सच्या बाबतीत तर नर-मादी दोघांनाही शिंगं, आणि मादीची बहुधा जास्त लांब. म्हणून तुम्ही कोणतं पाहताय ते हळू आवाजात परत सांगा: "शेपूट हलवतोय तो?" त्याचा होकार आल्यावरच सेफ्टी (ट्रिगर अडवणारा खटका) काढा. मागे दुसरं जनावर उभं असेल तर थांबा, कारण गोळी आरपार जाते.

गोळी सुटल्यानंतर

बार झाला की लोक डोकं वर काढून बघतात. ते न करता बोल्ट ओढा, दुसरं काडतूस चढवा, स्कोपमधून नजर हटवू नका. जनावर उभं असेल तर पीएच म्हणेल तेव्हा पुन्हा मारा; काटकसर इथे नको. पळालं तर शेवटचं दिसलं ती जागा एखाद्या झाडाशी जोडून लक्षात ठेवा आणि स्वतः पुढे धावू नका. नाहीतर ट्रॅकरला वाचायचा माग तुमच्याच बुटांखाली जाईल.

रक्त काय सांगतं ते बघा. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. जनावर बहुधा जवळच पडलेलं सापडतं. काळपट, त्यात हिरवट चोथा आणि आंबूस वास आला तर पोट. अशा वेळी लगेच मागे लागलात तर ते मैलोन्‌मैल पळतं. अर्धा तास थांबलात तर बसतं. हा निर्णय पीएचवर सोडा. तो थांब म्हणाला की थांबायचं. पडलेल्या जनावराजवळ मागच्या बाजूने जा, रायफल भरलेली, आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर अजून जीव आहे. जखमी ओरिक्स शिंगं मारतो आणि ती भाल्यासारखी आरपार जातात, त्यामुळे फोटोची घाई नको.

कपडे, जेवण, आणि शिंगांचं काय

जून-जुलैत नामिबियाच्या पठारावर पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि तुम्ही उघड्या पिकअपच्या मागे उभे असता. कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट न्या. दुपारी ते काढावं लागेल. काटेरी झुडपांत खसखस वाजणारं नायलॉन टाळा, मळकट हिरवा किंवा खाकी सुती कपडा बरा. लष्करी छापाचे कपडे नकोत. पुढे झिंबाब्वेला जाणार असाल तर तिथे सामान्य नागरिकाला ते घालणं बेकायदेशीर आहे. सोबतीला कुणी शाकाहारी असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. रात्रीच्या ताटात बहुधा दिवसभराची शिकारच असते.

शिंगं आणि कातडं मीठ लावून, उकळून, जंतुनाशकात बुडवून, पशुवैद्यकीय दाखल्यासह मालवाहतुकीने येतात. यात महिने जातात आणि खर्चही ट्रॉफी फीइतका होऊ शकतो, म्हणून शिपिंगचा अंदाज आधीच घ्या. भारतात मात्र हे सामानातून आणायचा विचारही करू नका. वन्यजीवांच्या वस्तू कस्टम्सच्या निषिद्ध यादीत आहेत. भारतातल्या घरी फोटोच न्या, आणि मांस फार्मवरच्या लोकांकडे जाऊ द्या.