कच्चा मध: ओळख आणि साठवण

मधपेटीतील चौकटी मधयंत्रात फिरवून काढलेला, केवळ गाळलेला आणि न तापवलेला मध म्हणजे कच्चा मध. त्यात परागकण, मेणाचे बारीक कण आणि मधमाश्यांनी मिसळलेली विकरे (एन्झाइम) टिकून राहतात. म्हणूनच तो किंचित गढूळ दिसतो आणि लवकर रवा धरतो. हे दोष नव्हेत. त्याचे खरे शत्रू दोनच आहेत, पाणी आणि उष्णता, आणि साठवणीचे सर्व नियम यांच्यापासूनच निघतात.

खरेदी करताना पेल्यातील पाण्यात थेंब टाकणे किंवा मधात बुडवलेली काडी पेटवून पाहणे, अशा चाचण्यांवर विसंबू नये. साखरेचा पाकही पुरेसा दाट असेल तर त्या पार करतो. त्याऐवजी मधपाळाला विचारावे की मध कोणत्या फुलोऱ्याचा आहे, कधी काढला आणि पोळ्याची घरे मेणाने बंद झाल्यावर काढला का. मधमाश्या मध पुरेसा आटल्यावरच घरांवर मेणाचे झाकण घालतात, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. महाबळेश्वर परिसरातील सातेरी या देशी जातीच्या मधमाश्यांचा जांभूळ, हिरडा यांचा मध मूळचाच जरा पातळ असतो. पाण्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर गेले की मध आंबण्याची शक्यता बरीच वाढते.

घरी आणल्यावर मध पूर्ण कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरावा. मध आम्लधर्मी असल्याने लोखंडी, तांब्याच्या किंवा पितळी भांड्यात तो ठेवू नये. झाकण घट्ट बसणारे हवे, कारण मध हवेतील ओलावा शोषून घेतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात झाकण उघडे राहिलेल्या बरणीत वरचा थर पातळ होतो आणि आंबणे तिथूनच सुरू होते. म्हणून मोठी बरणी रोज उघडण्याऐवजी रोजच्या वापरापुरता मध छोट्या बाटलीत काढावा आणि चमचा नेहमी कोरडा वापरावा. बरणी गॅसच्या शेगडीपासून आणि खिडकीतील उन्हापासून दूर, कपाटात ठेवावी. फ्रिजची गरज नाही; गारव्यात मध लवकर रवा धरतो, आणि सुमारे 14 अंश सेल्सिअसला तर सर्वांत वेगाने.

रवा धरलेला मध पुष्कळ घरांत भेसळीचा समजून फेकला जातो, याचे फार वाईट वाटते. मधातील ग्लुकोज पाण्यातून वेगळे होऊन त्याचे स्फटिक बनतात, इतकेच. चव आणि गुण तसेच राहतात, आणि असा मध पोळीवर पसरायला अधिक सोयीचा. पातळच हवा असेल तर बरणी सुमारे 40 अंशांच्या, म्हणजे हाताला सहज सोसवेल इतक्या कोमट पाण्यात ठेवावी आणि अधूनमधून ढवळावे. पाणी गार झाले की बदलावे. थेट आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. जास्त उष्णतेने विकरे निकामी होतात आणि सुगंध उडतो. संपूर्ण बरणी वारंवार तापवण्यापेक्षा लागेल तेवढाच मध वेगळा काढून सैल करावा.

मध कच्चा असो वा प्रक्रिया केलेला, एक वर्षाखालील बाळाला तो चाटवूही नये. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात.

वर फेस, झाकण उघडताना वायूचा दाब आणि आंबूस वास ही तीन लक्षणे दिसली, तर मध आंबला आहे असे समजून तो खाण्यासाठी वापरू नये.