जादू शिकणारी नायिका लिहिताना: आधी खर्च, मग चमत्कार

तीन भागांची अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली की बरेच जण नकाशा आणि राजघराण्यांच्या वंशावळीपासून सुरुवात करतात. ते नंतर केलं तरी चालतं. आधी एका पानावर तीन गोष्टी लिहा: जादूने नेमकं काय होतं, त्याची किंमत कोण कशाने मोजतं आणि कुठे जीव जातो. किंमत म्हणून 'थकवा' लिहू नका. थकवा झोपेने जातो, आणि गोष्ट अडली की लेखक तो सोयीने विसरतो. किंमत मोजता आली पाहिजे.

समजा, नायिका स्वतःच्या अंगातली उष्णता काढून दुसऱ्या वस्तूत घालू शकते. एक लिटर पाणी 20 अंश सेल्सिअसवरून उकळीला आणायला 80 किलोकॅलरी लागतात. 50 किलो वजनाच्या शरीरातून एवढी उष्णता एकदम गेली तर त्याचं तापमान जवळपास 2 अंशांनी उतरतं, म्हणजे 37 वरून 35 वर. पातेलंभर पाणी उकळलं आणि पोरगी हायपोथर्मियाच्या, म्हणजे अंग धोकादायकरीत्या गार पडण्याच्या, उंबरठ्यावर! त्याखाली हुडहुडी, जड झालेली जीभ, न वळणारी बोटं. 32 च्या खाली उतरत गेलं की कापरं थांबत जातं आणि विचार भरकटतात. 28 च्या आसपास हृदयाचे ठोके बिघडून ते बंद पडण्याचा धोका असतो. हे आकडे कादंबरीत एकदाही येऊ नयेत, पण तुमच्या टेबलासमोर चिकटवलेले असावेत. कापरं थांबल्यावर तिला वाटेल, आता बरं आहे. वाचकाला मात्र धडकी भरेल, कारण त्याआधीच्या एखाद्या प्रकरणात दुसरं कुणीतरी असंच 'बरं वाटून' गेलेलं तुम्ही दाखवलं असेल.

मालिका बहुधा फसते ती पुढच्या मुद्द्यावर. पहिल्या भागात दिवा, दुसऱ्यात वाडा, तिसऱ्यात अख्खं सैन्य जाळायचं, अशी ताकद वाढवत नेली की खलनायकही तितकाच फुगवावा लागतो आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर कुणालाच कशाची भीती उरत नाही. त्यापेक्षा ताकद तीच ठेवा, खर्च करण्याची अक्कल वाढवा. पहिल्या भागात ती पाणी उकळवून मरता मरता वाचते. तिसऱ्यात तिला कळलेलं असतं की तेलात भिजलेल्या दोराला ठिणगी द्यायला नगण्य उष्णता पुरते, बाकीचं काम तेल करतं. मधला भाग मोहाचा: शेजारी झोपलेल्या माणसाची उष्णता ओढून घेता येते, हे तिला कळतं. पहिल्यांदा ती थोडीच घेते आणि त्याला सकाळी नुसती कणकण वाटते. धोकादायक जादूतला खरा धोका इथे आहे, स्फोटांत नाही. या भागाला घाई करू नका.

किंमत सांगायची नाही, हातापायांतून दाखवायची. 'तिला प्रचंड थंडी वाजू लागली' हे वाक्य मेलेलं आहे. 'बुटाची नाडी तिसऱ्यांदा सुटली. तिने ती तशीच बुटात कोंबली' यात बोटं बधिर झाल्याचंही कळतं आणि ती ते लपवते आहे हेही.

आता मापं. एक भाग साधारण 1,00,000 शब्दांचा धरला तर 2,500 शब्दांची 40 प्रकरणं होतात. त्यांत मोठी जादू 4-5 ठिकाणीच पुरे. शेवटच्या लढतीत जो नियम तिला तारणार आहे, तो आधी दोनदा यायला हवा: एकदा क्षुल्लक कामात यशस्वी आणि एकदा वाईट रीतीने फसलेला. तिसाव्या प्रकरणानंतर नवा नियम आणायचा नाही. आणलात तर वाचकाला तो पळवाटच वाटेल, मग तुम्ही कितीही कारणं द्या.

गुरू हवाच असं नाही. असलाच तर त्याला अर्धंच माहीत असू द्या आणि त्यातलं काहीतरी साफ चुकीचं. सगळं जाणणारा गुरू तीन-तीन पानं व्याख्यान देतो आणि मग त्याला मारण्यावाचून लेखकाकडे उपाय राहत नाही. शिकवणीचा प्रसंग लिहिताना दोघांच्या हातात काहीतरी काम द्या, लाकडं रचणं किंवा जखम बांधणं. नियम कामाच्या ओघात येतो आणि लक्षातही राहतो.

एक वही फक्त हिशेबाची ठेवा. रकाने असे: प्रकरण, कथेतला दिवस, जादू कोणती, किती खर्च झाला, भरून यायला किती वेळ, कुणी पाहिलं. शेवटचा रकाना सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो, कारण पाहणारा माणूस पुढे कुणाला तरी सांगणारच, आणि तिथूनच उपकथानक फुकटात मिळतं. 'भरून यायला किती वेळ' हा रकाना चुका पकडतो. अंग गरम व्हायला शेकोटी, कोरडे कपडे, अन्न आणि काही तास लागतात. पहाटे नदी ओलांडताना खर्च झालेली नायिका सकाळच्या चकमकीत पुन्हा तेवढीच जादू करत असेल, तर दोन्हींपैकी एक प्रसंग हलवावा लागेल. शक्यतो चकमकच पुढे ढकला किंवा तिला जादूशिवाय लढू द्या. असे प्रसंग हमखास रंगतात.

पहिला खर्डा पुरा झाला की फक्त जादूचे प्रसंग ओळीने वाचा. प्रत्येकासमोर एका शब्दात किंमत लिहा: बोट, झोप, मैत्री, जे असेल ते. समास कोरा राहिला तर तो प्रसंग काढून तेच काम तिला हाताने, पैशाने किंवा थापा मारून करायला लावा. एकच किंमत सलग तीनदा आली, तर तिसऱ्यांदा ती दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारा.