फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीची माहिती काढताना या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की माझा फोन थांबत नाही. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी कार्यालयात काम करते. महाराष्ट्र मंडळातल्या कुणाची ना कुणाची लेक किंवा मुलगा दरवर्षी 'रश'ला, म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीच्या भरतीला, निघालेला असतो. फ्रॅटर्निटी मुलग्यांची, सोरॉरिटी मुलींची; कॉलेजातल्या या विद्यार्थी संस्थांची नावं ग्रीक अक्षरांची असतात आणि त्यांच्या शाखेला 'घर' म्हणतात. चुका त्याच त्याच होतात. त्यातल्या बहुतेक आत गेल्यावर होत नाहीत, आत काय आहे हे शोधतानाच होतात.

रील बघून घर ठरवणं

२०२१ च्या ऑगस्टमध्ये अलाबामा विद्यापीठातल्या रशचे टिकटॉक व्हिडिओ सगळीकडे फिरले. तेव्हापासून मुली माझ्याकडे येतात त्या कपड्यांची यादी घेऊन. कुठल्या दिवशी कुठला ड्रेस हे तोंडपाठ असतं, पण त्या घरात राहायचे वर्षाला किती पडतात हे विचारलं की गप्प.

रशचा आठवडा म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. दोन्हीकडची माणसं आवरून सावरून बसलेली असतात. घरातल्या मुली आधी कित्येक दिवस एकत्र राहून बोलण्याची तालीम करतात, दारातली गाणी बसवतात. त्यांचं वागणं खोटं असतं असं मी म्हणत नाही, पण पोह्यांच्या बशीवरून सासर कळत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, रश नसेल तेव्हा, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, ओळखीच्या सीनिअरबरोबर त्या घरी जेवायला जा.

एक मुलगी पहिल्या वर्षी रश न करता थांबली आणि खरंच अशी गेली. परत आल्यावर म्हणाली, "मावशी, सिंकमध्ये भांडी पडली होती. दोघीजणी जेवणाच्या टेबलावरच स्टॅटिस्टिक्स करत बसल्या होत्या. एक रडत होती, तर तिच्या शेजारी एक मुलगी नुसती बसून होती, तासभर." दुसऱ्या वर्षी तिने तेच घर निवडलं. त्या घराच्या रीलमध्ये यातलं काहीही नव्हतं.

तिथे गेल्यावर विचारायचे माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत. मागच्या मंगळवारी संध्याकाळी तू काय केलंस? गेल्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का? गेल्या सेमिस्टरला तुझ्या खिशातून सगळे मिळून किती गेले? तीन वेगवेगळ्या जणांना हेच तीन प्रश्न विचारा. जमलं तर सोडून गेलेल्या एकीलाही गाठा. तिचं ऐकून घर बाद करू नका, पण ऐका.

ग्रीक अक्षरं दिसली की सगळं एकच समजणं

'मुलीला फाय बीटा कॅपाचं बोलावणं आलंय, पार्ट्यांचं काही असेल का हो?' असा घाबरलेला फोन मला आलेला आहे. फाय बीटा कॅपा १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली आणि आज ती गुणवंतांची संस्था आहे. पेढे वाटा. टाउ बीटा पाय इंजिनिअरिंगच्या हुशार मुलांची, अल्फा फाय ओमेगा समाजसेवेची. राहायची घरं, रश आणि बिड (म्हणजे संस्थेचं बोलावणं) हा मामला 'सोशल' म्हणवणाऱ्या संस्थांचा.

ऑगस्टच्या आठवड्यात दिसतं तेवढंच जग समजणं

त्या आठवड्यात मुख्यतः नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या सोरॉरिटी दिसतात. ही परिषद १९०२ ची. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या नऊ संस्था, म्हणजे 'डिव्हाइन नाइन', वेगळ्या. त्यातली पहिली, अल्फा फाय अल्फा, १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात निघाली. आपल्या दक्षिण आशियाई मुलांनीही स्वतःच्या उभ्या केल्या: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ ला सिग्मा बीटा रो, ह्यूस्टनला १९९८ मध्ये डेल्टा फाय ओमेगा. यांची भरती वेगळ्या वेळी, वेगळ्या रीतीने होते. बहुतेकींचं मोठं खांबांचं घर नसतं, म्हणून मुलं त्यांना मोजतच नाहीत. मला हे खटकतं.

न वाचता सही करणं

या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला आहे.

सोरॉरिटीच्या मुख्य भरतीत शेवटची रात्र 'प्रेफरन्स'ची. मंद दिवे, हळू आवाजात बोलणं, कुणी कुणी रडतंही. तिथून मुलगी थेट बाहेर येते आणि फॉर्म भरते: कुठल्या घराचं बोलावणं आलं तर मी घेईन, पसंतीच्या क्रमाने. तो फॉर्म बांधून ठेवणारा आहे. तुम्ही लिहिलेल्या घराचं बोलावणं आलं आणि तुम्ही नाकारलं, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य भरतीपर्यंत त्या परिषदेच्या दुसऱ्या कुठल्याही सोरॉरिटीत जाता येत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीपुढे शेवटच्या रात्री दोन घरं होती आणि तिला त्यातलं एकच हवं होतं. तिने बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "दोन्ही भर. जितके जास्त ऑप्शन तितकं चांगलं." त्यांनी स्वतः महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कॉलेजांची लांबलचक यादी भरली होती. सल्ला प्रेमाचाच होता. तिने दुसरं नाव भरलं आणि दुसरंच घर मिळालं. बोलावणी हातात पडतात त्या 'बिड डे'ला ती गेलीच नाही. ऑक्टोबरमध्ये तिच्या आवडत्या घरात जागा निघाल्या, तिच्या खोलीतली मैत्रीण आत गेली, आणि ही माझ्या ऑफिसात तो फॉर्म हातात धरून बसली. नियम चौथ्या ओळीत होता. तिने बोट ठेवून मला दाखवला. तिने एकच नाव लिहिलं असतं आणि ते घर मिळालं नसतं, तरी ऑक्टोबरमध्ये ती मोकळी असती.

त्या रात्री वाचायला वेळही नसतो आणि डोकंही ठिकाणावर नसतं. म्हणून मी मुलींना फॉर्मचा नमुना आठवडाभर आधी मागून घ्यायला लावते, मोठ्याने वाचायला लावते आणि विचारते, "या घरात पुढची वर्षं काढशील का?" उत्तराआधी श्वास अडखळला तर ते नाव लिहायचं नाही.

मुलांच्या फ्रॅटर्निटीत एवढी शिस्तशीर यंत्रणा नसते. तिथे हातात बिड देऊन 'आत्ताच सांग' म्हणतात. त्या रात्री 'हो' म्हणायचं नाही, एवढंच मी सांगते.

पैसे तोंडी विचारणं

लेखी मागा. नवीन सदस्याची फी, दीक्षेची फी, बॅज, दर सेमिस्टरची वर्गणी, घरात न राहणाऱ्यांकडून घेतलं जाणारं घराचं शुल्क, जेवण, दंड. घरात राहण्याची सक्ती आहे का, कितव्या वर्षी, हेही.

घाई

पहिल्याच वर्षी नाही झालं तर संपलं, असं वाटणारी मुलं दरवर्षी येतात. दुसऱ्या वर्षीही घेतात. काही कॅम्पसवर तर पहिल्या सत्रात भरतीच नसते. मला विचाराल तर एक सेमिस्टर थांबा आणि आधी स्वतःचा जीपीए, म्हणजे सरासरी गुण, बघा. प्रत्येक घराचे सरासरी गुण बरीच विद्यापीठं दर सेमिस्टरला छापतात. तो कागद दोन मिनिटांत वाचून होतो, तरी फार थोडी मुलं तो उघडतात.

हेझिंग 'आपल्याकडच्या रॅगिंगसारखंच असेल' म्हणून सोडून देणं

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, त्यामुळे आईवडिलांना शब्द ओळखीचा वाटतो. पण रॅगिंगमध्ये मुलगा अंगावर आलेलं सोसतो. हेझिंगमध्ये, म्हणजे संस्थेत घेताना नव्या मुलांचा जो छळ होतो त्यात, त्याला आत जायचं असतं, म्हणून तो स्वतः 'चालेल' म्हणतो. कायद्यापुढे अनेक राज्यांत त्या 'चालेल'ला काही किंमत नाही. आणि देसी संस्था आहे, म्हणजे काही होणार नाही, हेही धरून चालू नका.

२०१७ च्या फेब्रुवारीत पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत १९ वर्षांचा मुलगा बिड स्वीकारल्याच्या रात्री दारू पाजली गेल्यावर जिन्यावरून पडला. घरात मुलं होती. जवळजवळ १२ तास कुणी मदत बोलावली नाही. तो गेला. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने कायदा कडक केला. डिसेंबर २०२४ मध्ये देशभराचा कायदा झाला, त्यानुसार कुठली संस्था हेझिंगमध्ये दोषी ठरली हे कॉलेजांना वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. 'हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट' आणि कॉलेजचं नाव टाकून शोधा. मी प्रत्येकाला माझ्यासमोर तो उघडायला लावते.

आणि कुणी शुद्धीवर येत नसेल तर ९११ या आपत्कालीन नंबरावर फोन. बहुतेक राज्यांत दारूच्या प्रसंगी मदत बोलावणाऱ्याला, तो दारूच्या कायदेशीर वयाखालचा, म्हणजे २१ वर्षांखालचा, असला तरी, कायद्याचं संरक्षण आहे. घरातल्या प्रेसिडेंटला आधी विचारायचं नाही, फोन करायचा. हे मी मुलांकडून दोनदा वदवून घेते.