पाइपचं मोठं संगीत ऐकायचं तर आधी भुई धरा

बेळगावच्या कॅम्पाकडून मराठा लाइट इन्फंट्रीचा पाइप बँड, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायच्या बॅगपाइपांचा ताफा, मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या कूचाच्या चाली म्हणजे स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘क्योल बेक’, लहान संगीत. ‘क्योल मोर’, मोठं संगीत, वेगळंच. त्यालाच ‘पीपरख्क’ म्हणतात. वादक एकटा, लय संथ, एकेक रचना दहा-पंधरा मिनिटांची. मी शहापुरात पोरांना पेटी शिकवते. त्या कानानं ते कसं ऐकायचं ते सांगते.

पेटीवर काळी पाच सा धरा. पाइपचा सा तिच्याहून किंचित चढा असतो, पण चालतंय. मंद्र कोमल निषादापासून तार सापर्यंत जा, मधले सूर शुद्ध, वरचा नीही कोमल. नऊ सूर झाले, पाइपला तेवढेच. खमाज थाटच की हा! खांद्यावरच्या तीन नळ्या, ‘दॉस’, त्यातली एक खर्जाची, सनईमागच्या सुरासारखा अखंड सा धरतात.

पिशवीतली हवा थांबत नाही, म्हणून सूर तुटत नाही. तोच सूर दोनदा हवा असेल तर मध्ये कणाचा, म्हणजे निमिषभर लागणाऱ्या दुसऱ्या सुराचा, ठसका द्यावा लागतो. हे कण वेगळे ऐकू यायला मला दोन महिने लागले.

आता ‘ऊर्लर’. शब्दाचा अर्थच भुई. रचनेची ही मूळ चाल. मी आधी घाईनं रचनेचं शेवटचं वळण, ‘क्रूनलुअ’, ऐकायची, त्यात बोटं इतकी झरझर पडतात की काही हाती लागेना. तुम्ही आधी भुई ऐका, तीनदा, आणि गळ्यानं पाठ करा. तिकडे शिकवायचेही असेच. ‘काउनतरख्क’ म्हणजे पाइपचे बोल: त्यातला स्वर मूळ सूर सांगतो, व्यंजन कणांची घडण. आपल्या तबल्याच्या बोलांसारखे तोंडी चालत आलेले. स्काय बेटावरचं मॅक्रिमन घराणं, मॅक्लाउड सरदारांचे वादक, याच विद्येसाठी नावाजलेलं. १७९७ साली कॉलिन कॅम्पबेलनं अशा बोलांत कितीतरी रचना उतरवून ठेवल्या.

भुई पाठ झाली की पुढची वळणं ऐका: ‘शुअल’, मग ‘तूर्लुअ’, मग ‘क्रूनलुअ’. प्रत्येकात मूळ चालीतले मुख्य सूर तेच, त्यांवरचं बोटकाम वाढत जातं. ते चालू असताना ओठांत भुई म्हणत राहा. शेवटी वादक पुन्हा ऊर्लरवर उतरतो. तेव्हा मी भाता सोडते आणि नुसती ऐकते.